पॅकर वापरून क्लाउड मशीनच्या इमेज तयार करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आयटी पार्कमधल्या चार-पाच जणांच्या टीम असोत, की मिहानमधल्या मोठ्या कंपन्यांत सर्व्हर सांभाळणारे इंजिनिअर, पॅकर पहिल्यांदा हाती घेतल्यावर बहुतेकांचं त्याच त्या ठिकाणी अडतं. ती ठिकाणं इथे घेतली आहेत. उदाहरणं एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) मुंबई रीजनमधली आणि उबुंटू २४.०४ ची आहेत. कमांड आणि पर्यायांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजीत, आणि पर्यायांच्या नावात दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायची.

पॅकर नेमकं काय करतं?

तुम्ही सांगितलेल्या बेस इमेजवरून (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम बसवलेल्या डिस्कच्या तयार प्रतीवरून) ते एक तात्पुरतं मशीन उभं करतं. त्यासाठी तात्पुरती एसएसएच की आणि तात्पुरता सिक्युरिटी ग्रुप बनवतं, आत शिरून तुमच्या स्क्रिप्ट चालवतं, मशीन बंद करून त्याची इमेज काढतं आणि शेवटी स्वतः उभारलेलं सगळं पुसून टाकतं. हाती उरते ती एएमआय (एडब्ल्यूएसवरची मशीनची इमेज) आणि तिच्यामागचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची साठवलेली प्रत. पॅकर हॅशिकॉर्पचं आहे. २०१३ साली आलं, आणि ऑगस्ट २०२३ पासून नव्या आवृत्त्यांना बिझनेस सोर्स लायसन्स लागू झालं. स्वतःच्या किंवा ग्राहकाच्या सर्व्हरच्या इमेज बनवायला त्याची आडकाठी नाही.

मशीन हाताने तयार करून कन्सोलवर 'क्रिएट इमेज' दाबलं तर काय बिघडतं?

पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही. सहा महिन्यांनी तीच इमेज नव्या कर्नलसह हवी असते, आणि आत कोणी काय बदललं होतं हे सांगणारं कोणी नसतं. म्हणून एक नियम सुरुवातीपासून पाळा: इमेजमधली प्रत्येक गोष्ट गिटमधल्या फाइलींतूनच आली पाहिजे. बिल्ड चालू असताना आत लॉगिन करून 'एवढं एकच' हाताने दुरुस्त करायचं नाही. तशी गरज पडली तर बिल्ड पाडा, स्क्रिप्ट दुरुस्त करा आणि पुन्हा चालवा.

इन्स्टॉल केलं, पण ॲमेझॉनचा बिल्डर सापडत नाही असं का म्हणतं?

पॅकर १.१० पासून प्लगइन मूळ पॅकेजसोबत येत नाहीत. टेम्प्लेटमध्ये (इमेज कशी बनवायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये) 'रिक्वायर्ड प्लगइन्स' हा ब्लॉक लिहून 'पॅकर इनिट' चालवावं लागतं. प्लगइनची आवृत्ती त्या ब्लॉकमध्ये बांधून ठेवा. नाहीतर तुमच्या लॅपटॉपवर एक आणि सीआयच्या रनरवर (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) दुसरी आवृत्ती उतरते, आणि चूक शोधण्यात दिवस जातो. नंतरचा क्रम ठरलेला आहे: 'पॅकर एफएमटी', 'पॅकर व्हॅलिडेट', 'पॅकर बिल्ड'. व्हॅलिडेट पास झालं याचा अर्थ फाइलची मांडणी बरोबर आहे, इतकाच. परवानग्या, सबनेट किंवा स्क्रिप्टमधली चूक ते पकडत नाही.

जुने लेख जेसन टेम्प्लेट दाखवतात. नव्या कामासाठी एचसीएल, म्हणजे हॅशिकॉर्पची स्वतःची कॉन्फिगरेशन भाषाच वापरा.

बेस इमेजचा आयडी थेट लिहावा की फिल्टर लावावा?

फिल्टर लावा, कारण उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी नव्या इमेज सतत काढत असते आणि आयडी दर वेळी, दर रीजनमध्ये वेगळा असतो. 'सोर्स एएमआय फिल्टर'मध्ये नाव, 'मोस्ट रीसेंट' आणि 'ओनर्स' द्यायचं. कॅनॉनिकलचा अकाउंट नंबर ०९९७२०१०९४७७. तो अवतरण चिन्हांत लिहा, नाहीतर तो संख्या म्हणून वाचला जातो आणि सुरुवातीचं शून्य गळतं.

ओनर दिल्याशिवाय पॅकर फिल्टर स्वीकारत नाही, आणि ते योग्यच आहे. हुबेहूब नावाची पब्लिक इमेज कोणीही टाकू शकतं, आणि 'सगळ्यात नवी' म्हटल्यावर तीच उचलली जाईल. म्हणून तिथे स्टार टाकून मोकळं होऊ नका.

'फिल्टरशी जुळणारी इमेज नाही' असा एरर २४.०४ वर जाताना हमखास येतो. २२.०४ च्या नावात 'एचव्हीएम-एसएसडी' असं होतं, २४.०४ मध्ये तिथे 'एचव्हीएम-एसएसडी-जीपी३' आहे. जॅमीच्या (२२.०४ चं टोपणनाव) जागी नोबल (२४.०४ चं) लिहून भागत नाही, तो मधला तुकडाही बदलावा लागतो. शिवाय टी४जी मशीन निवडलं असेल तर नावात 'एएमडी६४' चालत नाही, 'एआरएम६४' हवं.

मुंबई रीजन घ्यावा की हैदराबाद? हैदराबाद तर आपल्याला जवळ आहे.

नकाशावर आहे खरं. नागपूरहून हैदराबाद रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर, मुंबई त्याहून बरीच लांब. पण डेटा कोणत्या वाटेने जातो हे तुमच्या इंटरनेट कंपनीवर अवलंबून असतं, म्हणून दोन्हीकडे पिंग करून मग ठरवा. हैदराबाद रीजन नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि तो अकाउंटमध्ये आधी चालू करून घ्यावा लागतो. तो चालू नसेल तर पॅकर ऑथेंटिकेशनचा एरर देतं, आणि माणूस उगाच की बदलत बसतो. बिल्ड एका रीजनमध्ये करून 'एएमआय रीजन्स'मध्ये दुसऱ्याचं नाव दिलं की कॉपी आपोआप होते.

बिल्ड घरच्या लॅपटॉपवरून चालवलं तर चालेल का?

शिकताना चालेल. रोजच्या कामासाठी नको. बिल्ड संपेपर्यंत पॅकरला त्या मशीनशी एसएसएच जोडलेलं लागतं. मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि राउटर बंद पडला की बिल्ड तुटतं. लॅपटॉपही बंद झाला तर साफसफाई करायला पॅकरच उरत नाही. क्लाउडवरचं तात्पुरतं मशीन मात्र चालूच राहतं, आणि बिलही.

मुंबई रीजनमध्येच एक छोटं मशीन ठेवा, त्याला आयएएम रोल (एडब्ल्यूएसमधला परवानग्यांचा संच) द्या आणि तिथे टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) किंवा सीआय रनरमधून बिल्ड चालवा. रोल असल्यामुळे ॲक्सेस की कुठेच साठवावी लागत नाही. बिल्डच्या मशीनलाही इन्स्टन्स प्रोफाइल (मशीनला रोल जोडायचं साधन) देणार असाल तर बिल्ड चालवणाऱ्या रोलला 'पासरोल' परवानगी लागते. ती बहुतेक वेळा विसरली जाते.

तुटलेल्या बिल्डचे अवशेष शोधणं सोपं आहे. मशीनचं नाव 'पॅकर बिल्डर' असतं, आणि की-पेअर व सिक्युरिटी ग्रुपचं नाव 'पॅकर' आणि अंडरस्कोरने सुरू होतं. 'रन टॅग्ज'मध्ये बिल्ड चालवणाऱ्याचं नाव टाका, म्हणजे कोणाला विचारायचं ते कळतं. बिल्ड मध्येच थांबवायचं असेल तर कंट्रोल-सी एकदाच दाबा आणि वाट पाहा. दुसऱ्यांदा दाबलं की पॅकर साफसफाई अर्धवट टाकून बाहेर पडतं.

'वेटिंग फॉर एसएसएच'वर थांबतं आणि टाइमआउट होतो. काय तपासावं?

आधी एरर नीट वाचा. टाइमआउट असेल तर दोष नेटवर्कचा. 'अनेबल टू ऑथेंटिकेट' असेल तर नेटवर्क ठीक आहे, यूजरनेम चुकलं आहे: उबुंटूला 'उबुंटू', ॲमेझॉन लिनक्सला 'ईसी२-यूजर', डेबियनला 'ॲडमिन'.

नेटवर्कमध्ये तीन गोष्टी पाहा. मशीनला पब्लिक आयपी मिळाला का? डिफॉल्ट व्हीपीसी (एडब्ल्यूएसने आधीच तयार दिलेलं खासगी नेटवर्क) काढून टाकलेल्या अकाउंटमध्ये 'सबनेट आयडी' आणि 'असोसिएट पब्लिक आयपी ॲड्रेस' दोन्ही सांगावं लागतं. त्या सबनेटच्या रूट टेबलमध्ये इंटरनेट गेटवे आहे का? आणि तुमच्या ऑफिसच्या फायरवॉलमधून बाहेर जाणारा पोर्ट २२ उघडा आहे का? बऱ्याच कॉर्पोरेट नेटवर्कमध्ये तो बंद असतो. तिथे 'एसएसएच इंटरफेस'ला 'सेशन मॅनेजर' ठेवा. पोर्ट उघडायची आणि पब्लिक आयपी द्यायची गरजच पडत नाही. फक्त इन्स्टन्स प्रोफाइलमध्ये एसएसएमची (सेशन मॅनेजर ज्या एडब्ल्यूएस सेवेचा भाग आहे तिची) परवानगी हवी, बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर सेशन मॅनेजरचं प्लगइन हवं, आणि बिल्डच्या मशीनवरून एसएसएमपर्यंत बाहेर जाणारी वाट हवी.

मुळात पॅकरचा तात्पुरता सिक्युरिटी ग्रुप पोर्ट २२ सगळ्या जगाला उघडा ठेवतो. 'टेम्पररी सिक्युरिटी ग्रुप सोर्स सीआयडीआर्स'मध्ये स्वतःचा आयपी देऊन तो आवळा.

ॲप्ट (उबुंटूवर पॅकेज बसवणारं साधन) कधी चालतं, कधी 'लॉक मिळालं नाही' म्हणून पडतं. एकच स्क्रिप्ट, मग असं का?

मशीन उठताच एसएसएच सुरू होतं, पण तेव्हा आत क्लाउड-इनिटचं काम चालू असतं. पॅकेजचे सोर्स लिहिणं, पॅकेजची यादी ताजी करणं, की बसवणं ही कामं ते करत असतं. सोबत उबुंटूचं आपोआप अपडेटही सुरू होतं. तुमची स्क्रिप्ट त्यांच्या आधी पोचली की लॉकवर आपटते, नंतर पोचली की सुरळीत जाते. स्लीप ३० टाकून हे तात्पुरतं झाकलं जातं, आणि ज्या दिवशी मशीन हळू उठतं त्या दिवशी पुन्हा पडतं.

पहिला प्रोव्हिजनर (टेम्प्लेटमधला, मशीनच्या आत काम करणारा भाग) नेहमी 'क्लाउड-इनिट स्टेटस' हा 'वेट' पर्यायासह असू द्या. २४.०४ वर एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: क्लाउड-इनिटला किरकोळ इशारा द्यायचा असेल तर तो एक्झिट कोड २ देतो, आणि पॅकर त्याला अपयश समजून बिल्ड पाडतं. त्या प्रोव्हिजनरच्या 'व्हॅलिड एक्झिट कोड्स'मध्ये ० आणि २ दोन्ही लिहा. मग ॲप्टचे टायमर थांबवा, आणि ॲप्ट-गेटला 'डीपीकेजी लॉक टाइमआउट' ३०० सेकंद द्या.

यानंतरचं अडणं प्रश्न विचारणाऱ्या पॅकेजपाशी. 'डेबियन फ्रंटएंड'ला 'नॉन-इंटरॅक्टिव्ह' केलं तरी निळा पडदा येऊन बिल्ड लटकतं, कारण सुडो वातावरणातली व्हेरिएबल पुसून टाकतो. स्क्रिप्टच्या बाहेर दिलेली किंमत ॲप्टपर्यंत पोचतच नाही. 'एक्झिक्यूट कमांड' अशी लिहा की सुडोच्या नंतर एन्व्ह, मग व्हेरिएबल्स, मग स्क्रिप्टचा पाथ येईल. सर्व्हिस रीस्टार्टचा प्रश्न 'नीडरीस्टार्ट' विचारतो. त्याचा मोड 'ए' करा.

स्क्रिप्टमध्ये मध्येच एरर आला, तरी बिल्ड यशस्वी दाखवलं. हे कसं?

पॅकर फक्त स्क्रिप्टचा शेवटचा एक्झिट कोड पाहतं. फाइल म्हणून दिलेल्या स्क्रिप्टमध्ये मधली कमांड पडली आणि शेवटची चालली, तर पॅकरच्या लेखी सगळं ठीक. प्रत्येक स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीवर 'सेट' कमांड 'ई', 'यू' आणि 'पाइपफेल'सह लिहा. 'इनलाइन' कमांडना पॅकर 'ई' स्वतः लावतं, पण त्या साध्या 'एसएच'मध्ये चालतात. त्यामुळे कर्लचं आउटपुट पाइप करून दुसऱ्या कमांडला दिलं आणि कर्ल पडलं, तर ते कळत नाही.

फाइल प्रोव्हिजनरने ईटीसीमध्ये फाइल टाकताना 'परमिशन डिनाइड' येतं.

फाइल प्रोव्हिजनर एसएसएचच्या यूजरनेच फाइल पाठवतो, त्याला सुडो नाही. आधी टेम्प फोल्डरमध्ये पाठवा, मग शेल प्रोव्हिजनरमध्ये सुडो 'इन्स्टॉल' कमांडने मालक आणि परवानग्यांसकट जागेवर ठेवा. कडक सुरक्षेच्या बेस इमेजमध्ये टेम्प फोल्डर 'नो-एक्झेक' असतो, तिथे शेल स्क्रिप्टही याच एररने पडतात. त्यावर उपाय 'रिमोट फोल्डर' बदलणं.

इमेजच्या नावात तारीख-वेळ टाकली की नाव अवैध का ठरतं?

एचसीएलमधलं 'टाइमस्टॅम्प' फंक्शन वेळ अपूर्णविरामांसह देतं, आणि एएमआयच्या नावात तो चिन्ह चालत नाही. नाव ३ ते १२८ अक्षरांचं, इंग्रजी अक्षरं-आकडे आणि मोजकी चिन्हं इतकंच. 'फॉरमॅटडेट' (जोडून) वापरा, पण अक्षरांची काळजी घ्या: मोठा एमएम म्हणजे महिना, छोटा एमएम म्हणजे मिनिट, छोटा एचएच म्हणजे २४ तासांचा तास, मोठा एचएच १२ तासांचा. मोठा एचएच वापरला तर सकाळ-संध्याकाळच्या इमेजची नावं एकच होऊ शकतात.

ही वेळ यूटीसी असते. रात्री २ ला लावलेल्या बिल्डवर आदल्या दिवशीची २०:३० पडते. भारतीय वेळ हवी असेल तर 'टाइमॲड'ने ५ तास ३० मिनिटं मिळवा.

डिस्क मोठी केली आणि काही आठवड्यांनी बिलात बेवारस व्हॉल्यूम दिसू लागले.

'लाँच ब्लॉक डिव्हाइस मॅपिंग्ज'मध्ये 'डिलीट ऑन टर्मिनेशन' स्पष्टपणे 'ट्रू' लिहिलं नसेल तर प्रत्येक बिल्ड एक व्हॉल्यूम मागे ठेवतं. डिव्हाइसचं नावही बेस इमेजशी जुळलं पाहिजे. उबुंटूला एसडीए१, ॲमेझॉन लिनक्सला एक्सव्हीडीए. नाव चुकलं तर रूट डिस्क मोठी होत नाही, शेजारी दुसरी रिकामी डिस्क लागते.

ॲन्सिबल (सर्व्हरची मांडणी आपोआप करणारं साधन) जोडल्यावर फाइल पाठवताना पडतं.

'यूज प्रॉक्सी' बंद करा. नव्या ओपनएसएसएचमध्ये एससीपीची पद्धत बदलली, आणि पॅकरच्या मधल्या प्रॉक्सीशी तिचं जुळत नाही. जुन्या पॅकरने २२.०४ किंवा पुढच्या मशीनवर 'नो सपोर्टेड मेथड्स' म्हटलं तर 'टेम्पररी की पेअर टाइप'ला 'ईडी२५५१९' द्या.

इमेज काढण्याआधी आत काय-काय साफ करायचं?

इथे घाई करू नका. या इमेजवरून पन्नास मशीन उठली तर आत राहिलेली चूकही पन्नास ठिकाणी असेल.

मशीन-आयडीपासून सुरुवात करा. ईटीसीमधली ती फाइल शून्य आकाराची करा, पण काढून टाकू नका. रिकामी दिसली की सिस्टिमडी पहिल्या बूटला नवा आयडी लिहितो. आयडी तसाच राहिला तर सगळ्या मशीनचा लॉगमधला ओळख-क्रमांक एकच दिसतो. ऑफिसच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर तर दोन मशीनना एकच आयपी मिळतो, कारण उबुंटू डीएचसीपीला देत असलेली ओळख याच आयडीवरून बनवतो. वरवर पाहता तो स्विचचा दोष वाटतो, आणि शोध भलतीकडेच जातो.

मग एसएसएच होस्ट की. क्लाउड-इनिट नव्या मशीनवर त्या पुन्हा बनवतो, तरी इमेजमध्ये ठेवू नका. क्लाउड-इनिट नसेल तिथे सगळ्या मशीनची ओळख एकच होऊन बसते. पॅकरची तात्पुरती पब्लिक कीसुद्धा 'ऑथराइज्ड कीज'मध्ये उरते. 'एसएसएच क्लिअर ऑथराइज्ड कीज' हा पर्याय 'ट्रू' केला की ती जाते. शेवटी 'क्लाउड-इनिट क्लीन' लॉगसकट, 'ॲप्ट-गेट क्लीन', टेम्प फोल्डर आणि शेलची हिस्टरी. ही स्क्रिप्ट सगळ्यात शेवटी ठेवा. तिच्यानंतर एक जरी प्रोव्हिजनर आला तरी घाण परत जमते.

डेटाबेसचा पासवर्ड इमेजमध्ये ठेवला तर? अकाउंट तर आमचंच आहे.

ठेवू नका. एएमआय वापरायची परवानगी असलेला कोणीही तिच्यावरून मशीन उठवून सगळं वाचू शकतो. उद्या ती दुसऱ्या अकाउंटला शेअर झाली की पासवर्डही शेअर झाला. 'सेन्सिटिव्ह' पर्याय फक्त पॅकरच्या आउटपुटमध्ये किंमत झाकतो, डिस्कवर लिहिलेलं झाकत नाही. मशीन उठताना पासवर्ड आयएएम रोलच्या आधारे सीक्रेट्स मॅनेजर किंवा पॅरामीटर स्टोअरमधून आणा.

बिल्ड हिरवं आलं. इमेज वापरायला घ्यावी का?

अजून नाही. हिरवं बिल्ड म्हणजे स्क्रिप्ट संपल्या, एवढंच. नव्या इमेजवरून दोन मशीन उठवा. दोन मुद्दाम, कारण एकावर नक्कल झालेली ओळख दिसतच नाही. दोन्हींवर मशीन-आयडी आणि होस्ट कीचे ठसे ताडून पाहा, ते वेगळे असले पाहिजेत. 'सिस्टिमसीटीएल' पडलेल्या सर्व्हिस शून्य दाखवतो का, डिस्कचा आकार बरोबर आहे का, ॲप तुमच्या पोर्टवर उत्तर देतं का, आणि एकदा रीबूट केल्यावरही देतं का, ते बघा. समजा कळमना बाजारातले संत्र्यांचे भाव दाखवणारं ॲप आहे, तर नुसतं एनजिनएक्सचं स्वागताचं पान दिसणं पुरेसं नाही, भावाचं पान उघडलं पाहिजे.

ही तपासणी सीआयमध्येच घाला. 'मॅनिफेस्ट' पोस्ट-प्रोसेसर तयार झालेल्या इमेजचा आयडी जेसन फाइलमध्ये लिहितो, तो तिथून उचलता येतो.

स्क्रिप्ट सगळ्या संपल्या, पण एएमआय तयार होताना 'एक्सीडेड वेट अटेम्प्ट्स' येतं.

डिस्क मोठी असली किंवा एन्क्रिप्टेड कॉपी होत असली की स्नॅपशॉटला वेळ लागतो आणि पॅकर कंटाळून सोडतं. 'एडब्ल्यूएस पोलिंग' ब्लॉकमध्ये 'मॅक्स अटेम्प्ट्स' वाढवा.

एन्क्रिप्ट केलेली इमेज ग्राहकाच्या अकाउंटला शेअर होत नाही.

ॲमेझॉनच्या डिफॉल्ट ईबीएस कीने एन्क्रिप्ट केलेली इमेज शेअर होतच नाही. स्वतःची केएमएस की बनवा, की पॉलिसीत त्या अकाउंटला परवानगी द्या, आणि मग 'एएमआय यूजर्स'मध्ये तो अकाउंट लिहा.

ऑफिसमधल्या प्रॉक्समॉक्स किंवा व्हीएमवेअरवर हेच चालेल का?

चालेल, पण तिथे तयार क्लाउड इमेजऐवजी बहुधा आयएसओपासून सुरुवात करतात. पॅकर स्वतःच्या मशीनवर छोटा एचटीटीपी सर्व्हर उभा करतं आणि इन्स्टॉलर तिथून उत्तरांची फाइल घेतो. त्याचा पोर्ट ८००० ते ९००० मधला असतो, फायरवॉलमध्ये तेवढे उघडा. विंडोजच्या डब्ल्यूएसएल२ मधून पॅकर चालवलं तर व्हीएमला हा सर्व्हर सहसा दिसतच नाही. उबुंटूच्या लाइव्ह इन्स्टॉलरमध्येही एसएसएच चालू असतं. पॅकर त्यालाच तयार मशीन समजून लॉगिन करत राहतं आणि प्रयत्न संपतात. 'एसएसएच हँडशेक अटेम्प्ट्स' आणि टाइमआउट दोन्ही भरपूर वाढवा.

अडलेलं बिल्ड आत शिरून पाहता येतं का?

येतं. 'ऑन-एरर'ला 'आस्क' द्या, म्हणजे पडल्यावर मशीन न पुसता पॅकर विचारतं. 'डीबग'मध्ये चालवलं तर तात्पुरती प्रायव्हेट की चालू फोल्डरमध्ये मिळते. काम झालं की ती फाइल काढा. पूर्ण लॉगसाठी 'पॅकर लॉग' व्हेरिएबलला १ द्या. आत शिरून फक्त बघायचं, दुरुस्ती स्क्रिप्टमध्येच.

नवी इमेज किती दिवसांनी काढावी, आणि जुन्यांचं काय?

महिन्यातून एकदा ठरवून काढा. कर्नल किंवा ओपनएसएसएलमध्ये गंभीर दोष जाहीर झाला तर त्याच दिवशी. जुन्या लगेच पुसू नका, निदान मागची एक चालती इमेज परत फिरायला हाताशी असू द्या. 'डेप्रिकेट ॲट' लावून आधी निवृत्त करा. डीरजिस्टर करण्यापूर्वी लाँच टेम्प्लेट आणि ऑटो स्केलिंग ग्रुप तपासा. इमेज गेली तरी चालू मशीनला धक्का लागत नाही, पण रात्री लोड वाढून नवं मशीन उठवायची वेळ आली की ते उठत नाही. डीरजिस्टर झाल्यावर तिच्यामागचा स्नॅपशॉट गेला की नाही ते वेगळं पाहा. साठवणुकीचे पैसे त्याचेच लागतात.